घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस: कोणतं एक ठेवायचं आणि त्याच्या जोडीला काय लावायचं

आता गावातही बऱ्याच घरी कॉम्प्युटर नाहीतर लॅपटॉप आलाय. पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, महाडीबीटी, सातबारा, पीकविम्याच्या पावत्या, एमपीएससीच्या नोट्स, दूध संकलनाचा एक्सेलमधला हिशोब, सगळं त्या एकाच मशीनवर राहते. आणि मशीन म्हणाल तर नागपूरहून नाहीतर तालुक्याच्या दुकानातून सेकंडहँड आणलेलं, ४ जीबी रॅम, विंडोज दुकानवाल्यानंच टाकून दिलेलं. मंग पहिला प्रश्न हाच येते की अँटिव्हायरस कोणतं टाकू, आणि एकापेक्षा दोन टाकले तर जास्त चांगलं का?

ज्यांनी पहिल्यांदाच घरी कॉम्प्युटर घेतला त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. माझं म्हणणं सुरुवातीलेच सांगतो: चोवीस तास चालू राहणारं अँटिव्हायरस एकच ठेवा, आणि त्याच्या जोडीला वेगवेगळ्या कामाच्या गोष्टी लावा, म्हणजे महिन्यातून एकदा तपासणी करणारं स्कॅनर, ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम), आणि कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्क. यातली हार्डडिस्क सोडली तर बाकी सगळं फुकट होते.

दोन अँटिव्हायरस काहून नको? कारण अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडायच्या आधी मधात थांबून ती तपासते. दोघं एकाच वेळी त्याच फाइलवर थांबले की मशीन अडकते, ४ जीबी रॅमवर तर माऊसही हलत नाही, आणि कधीकधी एकानं पकडून कोंडून ठेवलेल्या व्हायरसलेच दुसरं व्हायरस म्हणून पकडते आणि दिवसभर इशारे येत राहतात. एका पंपात दोन औषधं टाकल्यानं बोंडअळी दुप्पट मरत नाही, उलट कोणतं औषध काम करून राहिलं तेच कळत नाही, तसंच हे.

पायरी १: आधी विंडोजकडे पाहा

सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिम, मंग अबाउट उघडा, तिथे विंडोज कोणतं ते लिहून राहते. विंडोज ७ असेल तर त्याचे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले, अशा मशीनवर बँकेचं काम करूच नका, अँटिव्हायरस कितीही महागाचं असो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सुरक्षा अपडेट घेता येतात, त्याची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरच होते. मशीन विंडोज ११ घेत असेल तर तेच टाका. इंटेलचं असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागते, म्हणून सेकंडहँड घेतानाच दुकानवाल्याला पिढी विचारून घ्या, नुसतं 'आय फाइव्ह आहे भाऊ' एवढ्यावर पैसे देऊ नका.

अपडेटचं एवढं काहून सांगतो ते पाहा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, लोकांच्या फायली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये पैसे मागितले, आपल्या देशात आंध्रच्या पोलिसांचे कॉम्प्युटरही त्यात सापडले. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधीच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्या वाटेनं ते शिरू शकलं नाही.

आता आपल्याकडची अडचण अशी की बहुतेकांचं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते आणि वायफायच्या सेटिंगमध्ये ते 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवलेलं राहते, डेटा वाचावा म्हणून. त्यानं विंडोजचे अपडेट अडकून बसतात. महिन्यातून एका दिवशी, डेटा शिल्लक असेल तेव्हा रात्री, ते मीटर्ड बंद करा, अपडेट पूर्ण होऊ द्या, रीस्टार्ट करा, मंग पुन्हा चालू करा पाहिजे तर.

आणि क्रॅक विंडोज, म्हणजे लायसन्स न घेता चालू केलेलं. इथे मी कडकच बोलतो. ज्या अ‍ॅक्टिव्हेटरनं विंडोज चालू केलं ते टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करावं लागते, आणि कित्येक वेळा ते जाताना एक खिडकी उघडी ठेवून जाते. ती कशी पाहायची ते सांगतो. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा, 'मॅनेज सेटिंग्ज' वर जा आणि एकदम खाली 'एक्सक्लुजन्स' आहे ते उघडा. तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर ही यादी रिकामी पाहिजे. तिथे पूर्ण सी ड्राइव्ह किंवा एखादं अनोळखी फोल्डर दिसलं तर समजा की डिफेंडर (विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस) त्या जागेकडे पाहतच नाही, त्याला तसं सांगूनच ठेवलंय. ती नोंद काढून टाका आणि लगेच फुल स्कॅन लावा. सेकंडहँड मशीन घरी आणलं की मी कोणालेही पहिले हेच उघडून पाहायला सांगतो.

पायरी २: आधीपासून काय बसलेलं आहे

नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा कंपनीनंच काही महिन्यांच्या ट्रायलचं अँटिव्हायरस टाकून दिलेलं राहते. मुदत संपली की कोपऱ्यात 'रिन्यू करा, रिन्यू करा' असं येत राहते, आणि लोक ते बंद करून पुढे जातात, वर्ष वर्ष. घरच्यांना वाटते अँटिव्हायरस आहे, पण त्याची व्हायरसची यादी जुनी झालेली राहते. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' आहे, तिथे कळते की आत्ता कोण कामावर आहे. मुदत संपलेलं असेल तर एक तर पैसे भरा नाहीतर अनइन्स्टॉल करा, मधात लटकवत ठेवू नका. काही अँटिव्हायरस नेहमीच्या पद्धतीनं पूर्ण निघत नाहीत, तेव्हा त्याच कंपनीच्या साइटवर काढून टाकायचं वेगळं टूल मिळते ते वापरा. ते निघालं, रीस्टार्ट झालं, की विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप चालू होते.

हे डिफेंडर विंडोज ८ पासून आतच येते, त्याचे पैसे नाहीत, आणि अँटिव्हायरस तपासणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळा आहेत, जर्मनीची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज, त्यांच्या चाचण्यांमध्ये ते गेली काही वर्षं पैसेवाल्यांच्या रांगेत बसून राहिलं. म्हणून साध्या घरासाठी माझं मत डिफेंडरलाच.

मंग पैसे देऊन घेण्यात अर्थच नाही का, तर तसं नाही. घरात कोणालाच सेटिंग उघडून पाहायची सवय नसेल, अडचण आली की फोन करून कोणाशी तरी बोलायचं असेल, पोट्ट्यांच्या वापरावर वेळेची मर्यादा एकाच जागेवरून लावायची असेल, तर विकत घ्या. क्विक हील आपल्या पुण्याचीच कंपनी आहे, तालुक्याच्या दुकानात त्याचा डबा मिळते, आणखीही आहेत. फक्त बिल घ्या, लायसन्स आपल्या नावानं नोंदवा, संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा. नेटवरून उचललेली 'फ्री की' टाकलेलं पैसेवालं अँटिव्हायरस हा सगळ्यात वाईट प्रकार, त्यापेक्षा डिफेंडर शंभर पटीनं बरं.

पायरी ३: डिफेंडर नीट लावून घ्या

'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये रिअल-टाइम, क्लाउड आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही बटणं चालू पाहिजेत. टॅम्पर वालं विसरू नका, ते चालू असलं की दुसरं सॉफ्टवेअर गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही.

मंग 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल' मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' उघडा आणि 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू करा. पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी स्पीड वाढवणारे असे जे फुकटचे प्रोग्राम सोबत चार दुसऱ्या गोष्टी घेऊन येतात ते यात अडतात. हे पुरते व्हायरस नसतात, म्हणून हे बटण बंद असलं तर डिफेंडर त्यांना जाऊ देते.

तिसरं, 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'. हे चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये ओळखीच्या प्रोग्रामशिवाय कोणी बदल करू शकत नाही. त्रास एवढाच की सुरुवातीला तुमचं टॅली नाहीतर फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअरही अडते, फाइल सेव्ह होत नाही. तेव्हा घाबरून पूर्ण बंद करू नका, त्याच पानावर 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप' मधून तेवढ्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या. आणि हे डिफेंडर कामावर असतानाच चालते, दुसरं अँटिव्हायरस टाकलं तर हे बटण बंद होते.

पायरी ४: जोडीचं स्कॅनर

कोणतंही अँटिव्हायरस सगळंच पकडत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या नजरेखालून मशीन काढणं चांगलं. पण ते बोलावल्यावरच येणारं पाहिजे, कायम बसून राहणारं नको.

मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती यासाठी मी सांगतो. टाकल्यावर पहिले १४ दिवस ती प्रीमियमची ट्रायल म्हणून चालते, म्हणजे तेवढे दिवस तीही कायम बसून राहते, तेव्हा तिच्या सेटिंगमध्ये विंडोज सिक्युरिटी सेंटरमध्ये स्वतःची नोंद करायचं बटण बंद ठेवा म्हणजे डिफेंडर बाजूला होणार नाही. ट्रायल संपली की ती नुसती स्कॅनर उरते आणि आपल्याला तेच पाहिजे. त्याच कंपनीचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर तर इन्स्टॉलही करावं लागत नाही, छोटी फाइल आहे, डबल क्लिक केलं की चालते, ब्राउझरचं होमपेज बदलणारे, नको ते टूलबार टाकणारे प्रोग्राम काढायला लय उपयोगी. जुन्या मशीनवर एवढंच टाकलं तरी चालेल.

मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर पण आहे, ते डाउनलोड केल्यापासून १० दिवसांनी बंद पडते, मंग नव्यानं उतरवावं लागते, म्हणून पेनड्राइव्हवर ठेवून वर्षभर वापरता येत नाही. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, सर्ट-इन ही सरकारचीच सायबर सुरक्षेची संस्था ते चालवते, त्यांच्या साइटवर व्हायरस काढायची फुकट टूल आहेत.

ज्यांनी पैसेवालं अँटिव्हायरस ठेवलं त्यांनी दुसरं स्कॅनर शोधायचीही गरज नाही, विंडोज सिक्युरिटीमध्ये 'पीरियॉडिक स्कॅनिंग' चालू करा, मंग डिफेंडरच अधूनमधून तपासणी करून जाते.

उतरवताना एक गोष्ट पाहा: गुगलवर नाव टाकल्यावर सगळ्यात वर जे 'प्रायोजित' म्हणून येते त्यावर क्लिक करू नका, तिथे नकली साइट बसलेल्या राहतात, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या. खाली कंपनीचा खरा पत्ता शोधा. आणि एखाद्या डाउनलोड केलेल्या फाइलवर शंका असेल तर व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाकून पाहा, ती ७० च्या आसपास अँटिव्हायरसकडून एकदम तपासून देते. पण आधार, बँक पासबुक, मार्कशीट असलं काही तिथे टाकू नका, तिथे टाकलेली फाइल दुसऱ्यांनाही मिळू शकते.

पायरी ५: ब्राउझर

घरच्या कॉम्प्युटरवर येणारी बरीचशी घाण ब्राउझरमधूनच येते. रिझल्ट पाहायच्या, पिक्चर पाहायच्या साइटवर पाच पाच डाउनलोडची बटणं राहतात आणि त्यातली चार जाहिराती. यूब्लॉक ओरिजिन नावाचं एक्स्टेंशन टाकलं की ती बटणंच दिसत नाहीत. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण ताकदीनं चालते, क्रोमनं नियम बदलले म्हणून तिथे आता 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' मिळते, तेही ठीक आहे. नाव पूर्ण वाचून घ्या, 'ओरिजिन' शब्द पाहिजेच.

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १३ व्हायरस सापडले' असा डबा खाली उजव्या कोपऱ्यात येऊन राहिला, आणि स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, तर तो व्हायरस नाही, कोणत्या तरी साइटला कधी 'अलाउ' दाबलं गेलं तिचं नोटिफिकेशन आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथल्या अनोळखी साइट काढून टाका. स्क्रीनभर लाल पान आलं, भोंगा वाजतो आणि फोन नंबर दिलाय, तर तो नंबर फिरवू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरा नाहीतर अल्ट आणि एफ ४ दाबा. फोन केला तर पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवता येईल असं काहीतरी टाकायला लावते, आणि मंग तुमच्या अँटिव्हायरसनं काही करायचं उरतच नाही, काहून की दार तुम्हीच उघडून दिलं.

पेनड्राइव्ह आणि झेरॉक्स सेंटर

आपल्याकडे याच्यावर जास्त बोलायला पाहिजे. फॉर्मची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर जाते, तिथल्या मशीनवर दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, आणि घरी येऊन लावलं तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट, चिन्हावर छोटा वाकडा बाण. फायली गेल्या असं समजून लोक पेनड्राइव्ह फॉरमॅट करून टाकतात. थांबा. फायली बहुतेक वेळा तिथेच राहतात, नुसत्या लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, त्यानंच व्हायरस तुमच्या मशीनमध्ये उतरते. 'धिस पीसी' मध्ये जाऊन पेनड्राइव्हवर राइट क्लिक करा, 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' करा, ते घाण काढून टाकेल. मंग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये लपलेल्या फायली दाखवायचं बटण दाबा, तरीही दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची टिक काढा. पुष्कळदा एक बिननावाचं फोल्डर दिसते, नावाच्या जागी काहीच नाही, तुमचे सगळे कागद त्यातच राहतात. त्यातले फक्त फोटो, पीडीएफ आणि वर्डच्या फायली कॉपी करून घ्या, पेनड्राइव्ह मंग फॉरमॅट करा आणि ती टिक परत लावा.

तिथेच 'व्ह्यू' मध्ये 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' (फाइलच्या नावाचं शेपूट, डॉट पीडीएफ वगैरे) पण चालू करून टाका कायमचं. नाहीतर 'हॉल तिकीट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फाइल नुसती पीडीएफ म्हणूनच दिसते, पण ईएक्सई म्हणजे तो चालणारा प्रोग्राम राहते.

प्रिंटसाठी एक वेगळा, स्वस्तातला पेनड्राइव्ह ठेवा ज्याच्यावर दुसरं काहीच नसेल, किंवा सरळ फाइल सेंटरवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

क्रॅक सॉफ्टवेअर आणि गेम

ज्या सेटअपसोबत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते तो सेटअप टाकू नका. स्टॉप नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅक आणि की-जेनमधून (नकली लायसन्स नंबर बनवणारे प्रोग्राम) पसरलं, आणि घरगुती कॉम्प्युटरवाल्यांनाच त्यानं जास्त धरलं. ऑफिससाठी लिब्रेऑफिस फुकट आहे. मराठी टायपिंगसाठी कुठलं क्रॅक शोधायची गरजच नाही, २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषा सेटिंगमधून चालू होते. पोट्टे गेम टाकतातच, तर त्यांच्यासाठी 'स्टँडर्ड' अकाउंट वेगळं करून द्या, पासवर्ड तुमच्याकडे, म्हणजे पूर्ण सिस्टिमला हात लावणारं काही टाकायचं असेल तर तुम्हाला विचारावं लागेल.

पायरी ६: बॅकअप, आणि याच्यावर पैसे घाला

रॅन्समवेअरनं एकदा फायली कुलूपबंद केल्या की अँटिव्हायरस त्या उघडून देत नाही, तो फक्त व्हायरस काढते. म्हणून बाहेरची हार्डडिस्क घ्या, दर आठवड्याला नाहीतर पंधरा दिवसांनी डॉक्युमेंट्स आणि फोटो तिच्यावर कॉपी करा आणि केबल काढून ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं, लावलेलीच राहिली तर तिच्यावरच्याही फायली जातात. फार महत्त्वाचे कागद, म्हणजे जातीचा दाखला, मार्कशीट, जमिनीचे कागद, यांची एक प्रत गुगल ड्राइव्हवर ठेवा, १५ जीबी फुकट आहे, पण त्या अकाउंटला दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर मोबाइलवरूनही खात्री) लावा.

सगळं लावून झालं की काम करते का ते तपासा. 'आयकार टेस्ट फाइल' नावाची ६८ अक्षरांची एक फाइल आहे, त्यात व्हायरस काहीच नाही, पण सगळे अँटिव्हायरस ठरवून तिला पकडतात. ती आयकारच्या साइटवरून उतरवायला गेलात आणि डिफेंडरनं लगेच अडवली तर बरोबर चालू आहे.

तरीही काही शिरलंच तर

आधी नेट तोडा, वायफाय बंद नाहीतर केबल काढा. मंग डिफेंडरच्या 'स्कॅन ऑप्शन्स' मधून ऑफलाइन स्कॅन लावा, ते विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी करते म्हणून लपून बसणारे व्हायरस त्यात सापडतात. साधारण १५ मिनिटं लागतात, जुन्या हार्डडिस्कवर जास्त. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर लाईन जायच्या वेळेला हे सुरू करू नका, भारनियमनाचं वेळापत्रक पाहून करा. त्यानंतर नेट जोडून मालवेअरबाइट्सनं एकदा फुल तपासणी.

पासवर्ड बदलायचे ते त्या कॉम्प्युटरवरून नाही, मोबाइलवरून बदला, पहिले ईमेलचा, मंग बँकेचा. आजकालचे बरेच व्हायरस ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डच चोरून नेतात. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा आणि बँकेला कळवा, जेवढं लवकर तेवढी रक्कम मधातच थांबायची शक्यता जास्त. फायली कुलूपबंद झाल्या असतील तर पैसे देऊ नका, 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट पाहा, युरोपच्या पोलिसांनी आणि अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये सुरू केलेली, काही प्रकारांच्या चाव्या तिथे फुकट मिळतात.

आणि दोन तीन तपासण्या करूनही मशीन विचित्रच वागत असेल तर त्याच्यामागे आठवडे घालवू नका, सेटिंगमधल्या 'रिकव्हरी' मधून 'रीसेट धिस पीसी' करा आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. नेटवरून विंडोज उतरवायचा पर्याय घेतला तर ४ जीबीच्या आसपास डेटा जाते, तेवढा ठेवून बसा. नंतर बॅकअपची डिस्क लावली की आधी तिचं स्कॅन, मंग कागदपत्रं, फोटो आणि एक्सेल परत घ्या. तिच्यावरचे जुने सेटअप आणि ईएक्सई फायली मात्र परत आणू नका, ते सॉफ्टवेअर पुन्हा मूळ साइटवरूनच उतरवा.